फ्लेअर बसवले तो रविवार

आमचं घर लातूरला, आणि त्या वर्षांत लातूरचं प्रत्येक घर शाळेसारखं झालं होतं. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं बारावीला यायची, आणि ज्याच्याकडे एक खोली मोकळी असेल त्यानं दारावर पाटी लावलेली असायची. आमच्या माडीवर पोरी राहायच्या. आई त्यांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडत नसे. किनवटची, नायगावची, देगलूरची, अशी गावावरूनच हाक मारायची आणि त्याही ओ द्यायच्या. उजाडायच्या आत त्या क्लासला जायच्या, आल्या की जिन्यात, मोरीच्या कट्ट्यावर, गच्चीवरच्या टाकीला टेकून पाठ करत बसायच्या. एकीचं रसायनशास्त्र, दुसरीचं प्राणिशास्त्र, आणि त्यातून खालून आईचा आवाज, "सुशीला खायला या गं, मग घोका काय घोकायचं ते." सुशीला म्हणजे आमच्याकडचा भिजवून फोडणीला टाकलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता. दुपारी भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे आमटीचा मसाला, तो भाजायचा दिवस असला की धने आणि खोबऱ्याचा वास माडीवर जायचा आणि किनवटची पोरगी, जी एरवी आपल्या गावच्या झाडांच्या आठवणीनं रडत असायची, ती नाक पुसत खाली येऊन बसायची. मीही तेव्हा बारावीला होते. फरक एवढाच, की मला लांबून यावं लागत नव्हतं.

हे सगळं ऐकायला गजबजलेलं वाटतं. पण त्या गजबजाटाखाली आम्ही सगळे कान टवकारून जगत होतो. भूकंप होऊन काही वर्षं झाली होती, तरी जमीन पुरती शांत झाली नव्हती. मध्येच खालून गुरगुर यायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि पोरी वह्यांसकट अंगणात धावायच्या. निजायच्या आधी आई उशाशी तांब्यावर तांब्या रचून ठेवायची, हाललं तर पडून आवाज व्हावा म्हणून. आण्णा, म्हणजे माझे वडील, भूकंपानंतर घरात झोपलेच नाहीत. अंगणात बाज टाकायचे. पावसात बाजेवर ताडपत्री ओढून घ्यायचे. त्यांना कुणी आत बोलावत नसे. एकदा बोलावलं होतं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे असं पाहिलं होतं की आईनं पुन्हा विषय काढला नाही.

आण्णा जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी, पण खरा दवाखाना म्हणजे त्यांची जीप. मिलिटरीच्या लिलावात निघालेली ती जुनी जीप त्यांनी हौसेनं घेतली होती. आमच्या भागातली काळी माती एकदा भिजली की बैलगाडीसुद्धा रुतते, तिथं आण्णांची जीप गुरगुरत जायची. अडलेली गाय असो की पोट फुगलेली म्हैस, माणूस सायकलवर निरोप घेऊन यायचा आणि आण्णा जेवणाच्या ताटावरून उठायचे. भूकंपाच्या थोडं आधी त्यांनी जीपला रुंद टायर बसवून घेतले होते. चिखलात धरून चालावेत म्हणून. ते टायर मडगार्डाच्या बाहेर चांगले वीतभर आले होते आणि जीप एखाद्या पैलवानानं पाय फाकवून उभं राहावं तशी दिसायची. आण्णा ती सगळ्यांना दाखवत फिरले होते.

त्या पहाटे जमीन हलली तेव्हा उजाडेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही. मग औसा-निलंग्याकडच्या गावांच्या बातम्या येऊ लागल्या आणि आण्णा जीप काढून गेले. सोबत त्यांचे दोस्त यूनुसचाचा. चाचांचं गोलाईजवळ, भर बाजारात, टायरचं दुकान होतं, त्यांच्या आजोबांपासून ते घराणं तिथंच होतं. ते रुंद टायरही त्यांनीच दिलेले. दोघं काही दिवसांनी परत आले. आण्णांनी जीप अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, नळाखाली बसून अंघोळ केली आणि भाकरी मागितली. काय पाहिलं ते सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

पुढं त्यांनी जीप चालवायचा प्रयत्न केला, तेव्हा एकदा मी बरोबर होते. रस्त्यावर नुकतीच खडी टाकली होती. रुंद चाकांनी उडवलेला एक दगड पत्र्यावर येऊन आपटला, ठक. मग दुसरा. आण्णांनी ब्रेक दाबला. खाली उतरले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि मडगार्डाला कान लावला.

"काय झालं, आण्णा?"

"श्श. ऐक."

मी ऐकलं. शेतात कुठंतरी पंप चालू होता, बाकी काही नव्हतं. रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबून बघत होता. आण्णा बराच वेळ तसेच बसले, मग उठून पँट झटकली आणि गाडी हाकली. पुढच्या दगडाला पुन्हा थांबले. घरी आल्यावर त्यांनी जीपवर ताडपत्री घातली आणि दुसऱ्या दिवसापासून एस. टी.नं जाऊ लागले. कुणी मोटरसायकल पाठवली तर मागं बसून जायचे. ज्या गावांना एस. टी. जात नव्हती तिथली जनावरं त्यांच्याविना मरू लागली, हे त्यांच्या कानावर यायचं. मग ते जेवायचे नाहीत.

आई जीपवर टपलेली होती. तिचा राग जीपवर नव्हता, पण माडीवर जागा पुरत नव्हती आणि रोज कुणी ना कुणी बाप मुलीला घेऊन दारात उभा राहायचा. "ती भंगारात द्या," ती म्हणायची, "शेडच्या जागी दोन खोल्या निघतील." आण्णा नाही म्हणाले नाहीत. तेव्हा आईनं विटा आणून शेडला लागूनच रचून ठेवल्या. त्या विटा पाहिल्या आणि मी यूनुसचाचांच्या दुकानी गेले. जीप गेली तर आण्णा उरणार नाहीत, असं मला का वाटलं ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. माणूस ज्या वस्तूला घाबरतो ती नजरेआड झाली की घाबरणं थांबत नाही. त्याला फक्त जागा उरत नाही.

चाचांनी मला स्टुलावर बसवलं आणि ट्यूबचे तुकडे बाजूला सारले. आण्णा दगडाचा आवाज आला की का थांबतात, हे मी त्यांना सरळच विचारलं. ते हातातल्या कानशीनं एक तुकडा घासू लागले.

"बेटा, त्या गावात एका गल्लीत आम्ही दगड काढून राहिलो होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात खालून आवाज आला. ठक, ठक. कुणीतरी भांड्यानं वाजवत होतं, नाहीतर दगडानं. डॉक्टरसाबनी सगळ्यांना चूप केलं, जमिनीला कान लावला. पण कुठून येऊन राहिलाय ते समजेना. दगडमातीची घरं, त्यात माळवदाची माती वरून बसलेली. इकडं खोदलं की आवाज तिकडनं यायचा. शेवटी एका निळ्या दाराच्या घराकडनं आला, ऊन चढलं आन् मग थांबला."

"कोण होतं?"

"खुदा जाने. आम्हाला पलीकडच्या गल्लीत बोलावलं, तिथं जिंदा माणसं होती. आम्ही गेलो. जावंच लागलं." त्यांनी कानस खाली ठेवली. "आता पत्र्यावर खडी वाजली की त्यांना तेच ऐकू येतं."

मग आम्ही दोघं कामाला लागलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. खडी पत्र्यावर येते ती चाक मडगार्डाच्या बाहेर आलंय म्हणून. तेव्हा मडगार्डच रुंद केलं तर? चाचांनी सांगितलं, मोठ्या शहरातले शौकीन लोक जीपला फ्लेअर लावतात. चाकाच्या कमानीला बाहेरून जोडायची रुंद कड, परकराला झालर लावतात तशी. शिवाय आतून जुन्या ट्यूबचं रबर चिकटवायचं, म्हणजे दगड लागला तरी ठक होणार नाही. लातूरला ते मिळत नव्हतं. पण माझे मामा नांदेडला होते आणि त्यांच्या ओळखीचा एक फायबरचं काम करणारा होता, जो स्कूटरची मडगार्डं आणि वरातीसाठी हत्तीघोडे बनवायचा. चाचांनी चारही कमानींच्या मापाचे पुठ्ठे कापून दिले. ते घेऊन मी मामांकडं गेले आणि पुढच्या खेपेला चार काळेकुट्ट फ्लेअर मांडीवर घेऊन एस. टी.नं परत आले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हे बाई, हत्तीचे कान?" अख्खी गाडी हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण हसताना मला कसंसंच झालं.

रविवारी आण्णा लाळ-खुरकताची लस टोचायला एका गावी गेले, ते संध्याकाळी येणार होते. माझी क्लासची परीक्षा होती, मी गेले नाही. आईनं दोनदा विचारलं आणि मग कणीक तिंबायला निघून गेली. चाचांनी जॅक लावून मागचं चाक काढलं. कमानीत भूकंपाच्या वेळची माती अजून होती, वाळून दगड झालेली. ती मी खरवडून काढली आणि फडक्यात गोळा केली. टाकवेना. शेवटी पेरूच्या झाडाखाली नेऊन ओतली. मग फ्लेअर कमानीला धरून पाहिला, खडूनं खुणा केल्या, खुणांवर हातोडीनं खड्डे पाडले, आणि हाताच्या ड्रिलनं भोकं पाडायला घेतली. पत्रा मिलिटरीचा, जाड. चाचा छातीनं ड्रिलवर जोर द्यायचे आणि मी मूठ फिरवायची. माडीवरच्या पोरी कठड्यावरून वाकून बघत होत्या. देगलूरची म्हणाली, "ताई, तू डॉक्टर होणार का मेकॅनिक?" भोकांच्या कडा घासून मी त्यावर लाल रंग लावला, गंज चढू नये म्हणून. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी ठेवली, बोल्ट सरकवले. एक बाजू बसली. खरं सांगते, ती इतकी छान बसली होती की चाचांनी दोन पावलं मागं जाऊन तिला सलाम केला.

दुसऱ्या बाजूला पत्र्याची कड आत दबलेली होती, फ्लेअर टेकेना. चाचांची नमाजाची वेळ झाली होती. ते म्हणाले, "तू आतून हळूहळू ठोकून सरळ कर, मी आलोच." मी पोतं अंथरून जीपखाली शिरले. उताणी पडून कमानीत हात घातला आणि लाकडी हातोडीनं ठोकू लागले. ठक, ठक, ठक. थांबून बोटानं कड चाचपायची. पुन्हा ठक, ठक. वर पोरी पाठ करत होत्या. डोळ्यांत गंजाचा भुगा पडत होता म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.

फाटकाची कडी वाजली ती मला ऐकू आली नाही. ऐकू आलं ते काहीतरी जड पडल्याचं. नंतर कळलं, आण्णांची औषधांची बॅग होती. लस संपली म्हणून ते लवकर परतले होते. मी ठोकायची थांबले. जीपच्या खालून मला त्यांचे पाय दिसले, धुळीनं भरलेल्या चपला. ते पाय फाटकात उभेच राहिले. मी पुन्हा हातोडी मारली, सहज, काम पुरं करायला. आणि आण्णा ओरडले. त्यांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"हाय! इथं हाय कुणीतरी! थांबा, आलो, दगड काढून राहिलो!"

पाय धावत आले आणि विटांच्या ढिगाशी थांबले. विटा पडू लागल्या. एक, मग दोन-दोन, मग हातांनी नुसत्या लोटलेल्या. मातीचा धुरळा जीपखाली आला. मला आधी वाटलं, आईच्या खोल्यांचा राग काढताहेत. मग कळलं. मी हातोडी छातीवर धरून गप्प पडून राहिले. बाहेर यावं तर शेडची ती बाजू विटांनी बंद होत चालली होती, दुसऱ्या बाजूला भिंत. हाक मारावी तर ती ते कुणाची समजतील ते कळेना. वरचं पाठांतर बंद पडलं होतं.

आवाज थांबला हे आण्णांच्या लक्षात आलं. विटा थांबल्या. ते गुडघ्यांवर बसलेले मला दिसले, दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले.

"थांबू नका," ते म्हणाले. आता ओरडत नव्हते, विनवत होते. "थांबू नका ना. वाजवत राहा. मला समजत न्हाई कुठून येऊन राहिलंय ते. वाजवत राहा."

मी आयुष्यात बरंच काही ऐकलंय. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी स्वतःच्या किंकाळ्या ऐकल्यात. पण तसं काही ऐकलं नाही. मी हातोडी उचलली आणि पत्र्यावर मारली. मग पुन्हा मारली. का, ते माहीत नाही. कुणी इतक्या आर्जवानं मागितलं तर देतो ना माणूस, तसं. मी वाजवत राहिले. आण्णांचे हात विटांवरून सरकत माझ्याकडे येऊ लागले, चुकले, उजवीकडे गेले, पुन्हा वळले. मी जोरात वाजवलं. त्यांचा एक हात जीपखाली आला, पोत्यावर फिरला आणि माझ्या दंडाला लागला.

त्यांनी मला धरून बाहेर ओढलं. पाठ सोलवटली, पण मी हूं की चूं केलं नाही. त्यांनी माझ्या तोंडावरची माती बोटांनी पुसली, नाकपुड्या साफ केल्या, जशा ते नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या करायचे. मग मनगट धरलं. नाडी बघत बसले. आई कणकेचे हात तसेच घेऊन ओट्यावर आली होती. किनवटची पोरगी जिन्यात उभी राहून रडत होती.

"जिवंत हाय," आण्णा आईला म्हणाले.

"हाव," आई म्हणाली. ती खाली आली आणि त्यांच्या शेजारी, त्या विटांतच, बसली. "जिवंत हाय. आपली शैला हाय ती. बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखायला त्यांना वेळ लागला. मग त्यांचा चेहरा विरघळत गेला आणि ते ओक्साबोक्शी रडले. त्यांची नखं उलली होती, रक्त येत होतं. आईनं पदरानं ती बांधायचा प्रयत्न केला आणि पदराला कणीक लागली.

चाचा नमाजाहून आले तेव्हा आम्ही तसेच बसलेलो होतो. त्यांनी पाहिलं आणि समजले. हौदातून तांब्याभर पाणी आणून आण्णांच्या हातावर ओतलं. तेव्हा आण्णा त्या दिवसाबद्दल बोलले, पहिल्यांदाच.

"मीच सांगितलं होतं वाजवायला," ते म्हणाले. "तुला माहीत हाय, यूनुस. मीच ओरडून ओरडून सांगत होतो, वाजवत राहा, वाजवत राहा. खाली हवा किती असंल, दम किती उरला असंल, काहीएक विचार केला न्हाई. गप पडलं असतं तर कदाचित संध्याकाळपर्यंत टिकलं असतं. संध्याकाळी तर मिलिटरी आली."

"न वाजवता सापडलं असतं का, डॉक्टरसाब?"

"ते मला काय माहीत?" आण्णा म्हणाले. "ते कुणालाच माहीत न्हाई. तेच तर."

चाचांनी उरलेलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. थोड्या वेळानं आण्णा उठले आणि शेडमध्ये गेले. बसवलेल्या फ्लेअरवरून हात फिरवला, वाकून आतलं रबर चाचपलं. "हे काय लावून राहिलात?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही. खडीचा आवाज येऊ नये म्हणून, असंच सांगितलं. ते ऐकून त्यांनी पाना मागितला. बोटांना चिंध्या बांधलेल्या असताना त्यांनी दुसऱ्या बाजूचे बोल्ट मधल्यापासून सुरुवात करून आवळले. पुढची चाकं दुसऱ्या दिवशी झाली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून टायर कुठं घासत नाही ना ते पाहिलं. आईनं विटा उचलून फाटकाबाहेर रचून घेतल्या. त्या खोल्या पुढं परसात झाल्या, मोरीच्या पलीकडं.

त्याच आठवड्यात आण्णा म्हणाले, "त्या गावाला जाऊन येऊ." मी आणि चाचा बरोबर गेलो. रस्त्यावर खडी होतीच. ती फ्लेअरवर लागून नुसतीच धप व्हायची, कुणी उशीवर थापटी मारावी तशी. आण्णांनी एकदा आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी चालवत राहिले.

जुनं गाव तसंच पडलेलं होतं, त्यात बाभळी उगवल्या होत्या. नवं गाव थोडं अलीकडं वसलं होतं, सरळ रांगेत पत्र्यांची घरं, सगळी सारखी. लोक अजून आपलं दार मोजून ओळखायचे. आण्णांना पाहून माणसं जमली. कुणी शेळी दाखवली, कुणी बैलाचा खूर. आण्णा ते सगळं करत राहिले आणि गर्दी कमी झाली तेव्हा एका बाईला, जिच्या शेळीला ते औषध पाजत होते, त्यांनी विचारलं. जुन्या गावात आडाजवळ, चिंचेच्या अंगाला एक घर होतं, कोपऱ्यावरचं. दाराला निळा रंग असलेलं. ते कुणाचं?

"निळं दार?" बाई म्हणाली. तिचं नाव कमलबाई. "ते तर आमचंच की, डाक्टर. आमची म्हैस याली तवा तुमीच आल्ताव त्या घरला."

आण्णा शेळीचं तोंड धरून बसले होते. त्यांनी ते सोडलं नाही.

"घरात कोण होतं? त्या दिवशी?"

"सासू होती. एकटीच. म्या लेकरं घिऊन म्हायेरी गेल्ते, मालक पुण्याला कामाला. सासू म्हनली, म्हशीला कोण बघंल, म्या ऱ्हाते." तिनं शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "आमी पोचलो तवा काढून ठेवलं हुतं तिला. काय लागल्यालं दिसत नव्हतं बघा. झोपेतच गेली. सगळे म्हनतेत, झोपेतच गेली, तिला काईच कळलं न्हाई. येवढं तरी देवानं बरं केलं. न्हाईतर म्या सोताला माफ केलं नसतं, डाक्टर. म्हातारीला एकलं टाकून गेले म्हनून."

मी चाचांकडे पाहिलं. ते दूर बघत होते, बाभळींच्या दिशेनं. कमलबाई आण्णांकडे बघत होती. कदाचित आण्णा इतके गप्प झाले होते म्हणून असेल, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं.

"का हो? तुमी हुताव का तिथं? तुमाला काय दिसलं व्हय?"

आण्णांनी औषधाची नळी पुसली, हळूच. जे सांगायचं होतं ते इतकी वर्षं उरात घेऊन आण्णा फिरले होते. सांगायला माणूस मिळालं होतं, आणि ते माणूस हे होतं.

"होतो," ते म्हणाले. "आम्ही पोचलो तेव्हा सगळं शांत होतं. झोपेतच गेल्या त्या."

"काई आवाज बिवाज?"

"न्हाई. काही न्हाई."

कमलबाईनं मान हलवली, पुन्हा पुन्हा. मग तिनं चुलीवर चहा ठेवला. चहा गुळाचा होता. आण्णांनी सासूचं नाव विचारलं. तिचं नाव गोदावरी होतं, पण गाव तिला गोदाक्का म्हणायचं. ती कशी होती, तिला ताकातली भाजी कशी आवडायची, म्हशीशी ती कशी बोलायची, हे कमलबाई सांगत राहिली आणि आण्णा ऐकत राहिले. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथं होतो.

आण्णांनी पुढं निवृत्त होईपर्यंत जीप चालवली. घरात मात्र कधी झोपले नाहीत, गेले तेही अंगणातल्या बाजेवरच. कमलबाईची पोरं शिकायला लातूरला आली तेव्हा आमच्याच परसातल्या खोलीत राहिली. कमलबाई दर सणाला येताना आण्णांसाठी तूप आणायची, आण्णा ते घ्यायचे, आणि तिच्याशी बोलताना त्यांनी एकदाही नजर वर केली नाही. तिला वाटायचं, डॉक्टर लाजाळू आहेत. यूनुसचाचा गेले, आण्णा गेले. मागच्या वर्षी कमलबाईही गेल्या, मुलाच्या घरी, शांतपणे, असं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. शांतपणे गेल्या का, ते मी त्याला पुन्हा विचारलं नाही.